लस दिली आणि पोरगं गप्प झालं

मुलाला ऑटिझमचं निदान झालं की आईवडील पहिल्या भेटीत थेरपीबद्दल विचारतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, आवाज खाली आणून, दुसराच प्रश्न येतो: "मॅडम, लसीमुळे तर नसेल ना झालं?" असं विचारणाऱ्या एका जोडप्याची ही हकिगत. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

थोरला अडीच वर्षांचा, धाकटी आठ महिन्यांची. तिचा गोवर-रुबेलाचा पहिला डोस तोंडावर आलेला. सासूबाईंचा निकाल मात्र आधीच लागला होता. थोरल्याला दीड वर्षाचं इंजेक्शन दिलं, ताप आला, आणि जे 'मामा', 'पाणी' म्हणायचं तेही बंद झालं. आता पोरीला सुई लावायची नाही. आईचं दुखणं वेगळं होतं. "टोचताना मीच त्याला धरून ठेवलं होतं," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

आई खोटं बोलत नव्हती. ऑटिझम असलेल्या काही मुलांचे आलेले शब्द खरोखर जातात, आणि ते बहुधा दीड-दोन वर्षांच्या सुमारास. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत असतो. दोन्ही गोष्टी एकाच काळात घडणार म्हटल्यावर हजारो घरांत 'आधी लस, मग गप्प' हा क्रम जुळणारच. एका मुलाच्या आधी-नंतरवरून यातलं काहीच ठरत नाही.

मी फोनमधले जुने व्हिडिओ मागितले. पहिल्या वाढदिवसाला सगळे नाव घेऊन हाका मारतायत आणि हा फुग्याच्या दोरीत गुंग. त्यानंतरच्या एका व्हिडिओत आजोबा चंद्र दाखवतायत, हा त्यांच्या बोटाकडेच बघतोय. हे सगळं त्या दीड वर्षाच्या लसीच्या आधीचं. पण व्हिडिओ दाखवताना जपावं लागतं. 'लसीमुळे झालं' ही टोचणी जाते आणि 'मला तेव्हाच का कळलं नाही' ही तिच्या जागी येऊन बसते. म्हणून आधीच सांगितलं, की या खुणा इतक्या पुसट असतात की आमच्यासारख्यांच्या नजरेतूनही निसटतात.

वडील पतसंस्थेत हिशेब सांभाळणारे. ते म्हणाले, "एकाच्या व्हिडिओवर मी का विश्वास ठेवू? आकडे दाखवा." मला हा माणूस आवडला. फाइलच्या मागच्या कोऱ्या पानावर मी त्यांना जपान काढून दाखवला.

जपानने गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्रित लस 1989 मध्ये सुरू केली आणि 1993 मध्ये बंद केली. योकोहामा शहराच्या कोहोकू भागात, म्हणजे सुमारे तीन लाखांच्या वस्तीत, 1988 ते 1996 दरम्यान जन्मलेल्या मुलांचा अभ्यास झाला. 1988 मध्ये जन्मलेल्यांपैकी जवळपास 70 टक्के मुलांना ही लस मिळाली होती. 1992 च्या मुलांपर्यंत हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आलं, आणि 1993 पासून जन्मलेल्यांत शून्य. अशा अभ्यासाला इंटरप्टेड टाइम सिरीज म्हणतात. वर्षावर्षाचे आकडे मांडायचे, रेघ आधी कुठे चालली होती ते बघायचं, आणि बदलाच्या जागी ती तुटते का, तिचा चढ बदलतो का ते तपासायचं. लस दोषी असती तर इथे ऑटिझमच्या निदानांची रेघ खाली यायला हवी होती. ती वर गेली, आणि 1993 नंतर जन्मलेल्या मुलांत तर जास्तच जोरात.

वडिलांनी लगेच पकडलं. "मग वाढलं कशाने? तेव्हा आणखी काही बदललं असेल." या पद्धतीला विचारायचा खरा प्रश्न हाच. ऑटिझमची व्याख्या रुंदावत गेली, तपासण्या सुधारल्या, त्यामुळे नोंदी जगभर वाढल्या. पण लस हे मोठं कारण असतं, तर ती पूर्ण थांबल्याचा काहीतरी धक्का रेघेला बसला असता. त्यांचा दुसरा प्रश्न आणखी धारदार होता: जपानमध्ये गोवराची सुटी लस तर चालूच होती ना? होती. तिथे डेन्मार्क कामाला येतं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात साडेसहा लाखांहून अधिक मुलं होती. एकत्रित लस घेतलेली आणि न घेतलेली मुलं ताडून पाहिली, तर लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त आढळला नाही. ही शंका जगभर पसरवणारा 1998 चा ब्रिटनमधला लेख अवघ्या 12 मुलांवर होता, आणि तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो 2010 मध्ये मागे घेतला.

जपानने लस का थांबवली, हेही मी लपवत नाही. तिच्यातल्या गालगुंडाच्या विषाणूच्या एका प्रकारामुळे काही मुलांना मेंदूच्या आवरणाला सूज येत होती. हे सांगितलं की पालक बिथरतील, असं काही सहकाऱ्यांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. 'लसीने काहीच होत नाही' म्हणणाऱ्यापेक्षा 'हे होतं, ते होत नाही' म्हणणाऱ्यावर लोक लवकर विश्वास ठेवतात. आणि गोवर काय करतो, त्यासाठी लांब जायला नको. 2022 च्या अखेरीस मुंबईत, गोवंडी परिसरात, त्याने मुलं दगावली.

आईला या रेघोट्यांचं फारसं काही वाटलं नाही. तिने विचारलं, "धाकटीलाही झालं तर?"

हा प्रश्न टाळता येत नाही. थोरल्या भावंडाला ऑटिझम असेल तर धाकट्यात तो असण्याची शक्यता साधारण पाचात एक असते, लस द्या किंवा देऊ नका. उद्या तिचं निदान झालंच, तर सासूबाई पुन्हा सुईकडेच बोट दाखवतील. म्हणून मी डोसच्या आधीपासून कामाला लावलं: नावाला वळून बघते का, डोळ्यांत बघून हसते का, दाखवलं तिकडे पाहते का, हे दर आठवड्याला तारखेसह वहीत लिहायचं, महिन्याला एक छोटा व्हिडिओ काढायचा, आणि दीड वर्षाला स्क्रीनिंग, म्हणजे ऑटिझमच्या खुणांची प्राथमिक तपासणी, चुकवायचं नाही.

डोस थोडा उशिरा झाला. वडिलांनी त्या दिवशी रजा काढली आणि पोरीला त्यांनीच धरलं. सासूबाई अजून बोलत नाहीत म्हणे, पण वहीत मध्ये मध्ये त्यांच्या अक्षरातल्या नोंदी दिसतात.