अंदालुसियाच्या उन्हात

अनेक आशीर्वाद.

तुझ्या स्पेनच्या सहलीचा आराखडा वाचला. माद्रिद, मग दक्षिणेकडच्या अंदालुसिया प्रांतातली कोर्दोबा, सेव्हिल, ग्रानाडा आणि शेवटी कादिझचा समुद्र, तेही जुलैअखेर. गावं छान निवडली आहेस. पण तुझा दिवस सकाळी दहाला सुरू होतो आणि रात्री आठला संपतो. हे वेळापत्रक डिसेंबरला शोभेल.

स्पेन पोर्तुगालला खेटून आहे, पण घड्याळ लावतो जर्मनीच्या वेळेवर. त्यामुळे उन्हाळ्यात सेव्हिलला सूर्य माथ्यावर येतो दुपारी अडीचच्या सुमारास, आणि पारा टोकाला जातो संध्याकाळी पाच-सहाला. ‘ऊन उतरल्यावर’ म्हणून कोर्दोबाचा रोमन पूल तू नेमका त्याच वेळेला टाकला आहेस! सूर्य साडेनऊनंतर मावळतो. पूल तेव्हा बघ. गावही तेव्हाच बाहेर पडतं. रात्री अकरालासुद्धा लहान पोरं चौकात चेंडू खेळत असतात.

उन्हाची सवय आहे म्हणशील. असेलही, पण ग्वादलकिवीर नदीच्या या खोऱ्याला कमी लेखू नकोस. 14 ऑगस्ट 2021 ला कोर्दोबा प्रांतातल्या ला राम्ब्ला गावी 47.6 अंश नोंदले गेले. हवा कोरडी, घाम अंगावर टिकतच नाही, म्हणून किती पाणी गेलं ते समजत नाही. कोर्दोबाची मशीद-कथीड्रल दार उघडताच गाठ. दोन ते सात पडदे ओढून सरळ झोप, आणि त्याची हळहळ नको. खोलीला एसी हवाच, बाकी सोयींवर तडजोड चालेल. गाव बदलायचं असेल तर तेही दुपारीच, गार गाडीत बसून; कोर्दोबा-सेव्हिल वेगवान रेल्वेने पाऊण तासाचं अंतर आहे.

क्रमही बदल. माद्रिदहून आधी ग्रानाडा. ते सातशे मीटर उंचीवर आहे, रात्री जरा गारवा मिळतो. मग कोर्दोबा, सेव्हिल आणि तिथून रेल्वेने थेट कादिझ. तुझ्या क्रमाने ग्रानाडाहून कादिझला जाण्यात अख्खा दिवस मोडेल. सेव्हिलचे चार दिवस दोनवर आण, उरलेले समुद्राला दे.

किनाऱ्यालाही लहरी आहेत. कादिझला लेवांते हा पूर्वेचा वारा सुटला की दिवसच्या दिवस वाहतो. वाळू पोटऱ्यांना सुईसारखी टोचते, छत्री उभी राहत नाही. मालागाचा विचार मनात असेल तर तिथे तेराल नावाचा वारा आतल्या भागातली धग थेट किनाऱ्यावर आणून ओततो. म्हणून किनाऱ्यावरचे दिवस मोकळेच ठेव, तासांत बांधू नकोस.

बांधायची गोष्ट एकच: ग्रानाडाचा अल्हाम्ब्रा, म्हणजे तिथला जुना किल्ला-राजवाडा. त्यातल्या नासरी सुलतानांच्या महालांच्या प्रवेशाची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकली की आत सोडत नाहीत. तिकीट नावावर असतं, पासपोर्ट जवळ लागतो, आणि उन्हाळ्यात तिकिटं फार आधी संपतात. सकाळची पहिली वेळ मिळेल तो दिवस धर आणि बाकीच्या तारखा त्याभोवती बसव. व्हिसा हाती येईपर्यंत खोल्या मात्र रद्द करता येतील अशाच घे.

तिकीट झालं की तारखा कळव, मग कादिझच्या खोल्या बघू.

तुझा,
काका