आधी पॉलिसीचं बॉनेट उघडा

पत्र टेक्सासमधून आलंय. वय ४३, सॉफ्टवेअरमधली नोकरी, वार्षिक पगार दीड लाख डॉलर, पदरी दोन मुलं. गेल्या वर्षी १८ हजारांना १९६९ ची शेवरोले सी-१० पिकअप घेतली. तिचं मूळचं २५० घन इंचांचं सहा सिलिंडरचं इंजिन काढून ४३० हॉर्सपॉवरचं एलएस-३ बसवायचंय. गॅरेजने २२ हजार सांगितलेत. प्रश्न असा, की हे पैसे ४०१(के) मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यातून, कर्जाऊ घ्यावेत की घरावर हेलॉक (घर तारण ठेवून लागेल तसं उचलायचं कर्ज) काढावं? आणि पत्राच्या तळाशी, जाता जाता: ‘निवृत्तीची चिंता नाही. ओळखीतल्या एजंटकडून चार वर्षांपूर्वी आययूएल (शेअर निर्देशांकाशी जोडलेली आयुर्विमा पॉलिसी) घेतलीय, महिना १,५०० डॉलर. तेवढ्यासाठी ४०१(के) दोन टक्क्यांवर आणलं. आज ५८ हजार जमा आहेत.’

मी अडकलो ते या तळाच्या ओळींपाशी.

तुमची कंपनी ४०१(के) मध्ये पगाराच्या पाच टक्क्यांपर्यंत तुमच्या डॉलरला आपला डॉलर घालते, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे वर्षाला साडेसात हजार. तुम्ही दोनच टक्के भरता, म्हणून तुम्हाला मिळतात तीन हजार. उरलेले साडेचार हजार दरवर्षी टेबलावर सोडून तुम्ही उठता. चार वर्षांचे झाले १८ हजार. एक अख्खी सी-१० तुम्ही मालकाला परत केलीत, आणि प्रश्न विचारताय इंजिनाचा!

आता ते ५८ हजार. ४८ हप्ते गुणिले १,५००, म्हणजे तुम्ही भरलेत ७२ हजार. सोबत पाठवलेल्या स्टेटमेंटवर ५८ च्या खालच्या ओळीत ‘सरेंडर व्हॅल्यू’ ३९ हजार आहे. आज पॉलिसी मोडली तर हातात येणारा आकडा हा. एजंटने वर्षाला सात टक्के वाढीचा तक्ता दाखवला होता म्हणता. तक्ता म्हणजे हमी नव्हे. बाजार पडला तर तोटा नाही, हे खरं. पण वर जाताना कमाईला टोपी आहे, ती टोपी खाली ओढायची मुभा कंपनीला आहे, निर्देशांकातल्या कंपन्यांचा लाभांश तुमच्या हिशोबात धरतच नाहीत, आणि विम्याचा खर्च वयाबरोबर चढत जातो. यातलं किती तुम्हाला सही करण्याआधी सांगितलं होतं? ‘करमुक्त पेन्शन’ हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. ते पेन्शन नाही, स्वतःच्याच पॉलिसीवर काढलेलं कर्ज आहे.

पण उद्याच पॉलिसी मोडू नका. आधी वीस वर्षांचा टर्म विमा मंजूर करून घ्या. तब्येत ठीक असेल तर दहा लाखांच्या कव्हरला महिना शंभर डॉलरच्या आतबाहेर पडेल. मग विमा कंपनीकडून ‘इन-फोर्स इलस्ट्रेशन’, म्हणजे चालू पॉलिसीचा पुढच्या वर्षांचा अंदाज, लेखी मागा. त्यात दोन तक्ते हवेत: एक साडेचार टक्के वाढीने, एक कमीत कमी हप्ता भरून. ते पाहिल्याशिवाय पुढचा निर्णय नको. मोडायचीच ठरली तर ते ३९ हजार ‘१०३५ एक्स्चेंज’ने, म्हणजे कर न लागता एका पॉलिसीतून दुसरीत हलवायच्या सोयीने, कमी खर्चाच्या अ‍ॅन्युइटीत (विमा कंपनीच्या निवृत्ती-उत्पन्नाच्या योजनेत) नेता येतात. तुमची ७२ हजारांची मूळ रक्कम हिशोबात तशीच राहते, म्हणजे पुढच्या ३३ हजारांच्या वाढीवर कर नाही. ३९ हजार वाचून तुमचे डोळे चमकले असतील. ते इंजिनाचे नाहीत.

आता ट्रक. कर्ज दोन्हीकडून नको. ४०१(के) चं कर्ज घेतलं आणि नोकरी गेली, तर बाकी रक्कम त्या वर्षाच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीत भरायची. नाही जमलं तर कर, वर तुमच्या वयाला दहा टक्के दंड. सॉफ्टवेअरवाल्याला हे वेगळं सांगायला नको. हेलॉकचे पैसे घरावरच खर्च केले तरच त्याचं व्याज करातून वजा होतं, आणि ट्रकपायी घर तारण ठेवायचं मला पटत नाही.

आणि २२ हजारांत होणार काय? कोटेशनमध्ये इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग आणि मजुरी आहे. ब्रेक शोधले, सापडले नाहीत. तुमच्या ट्रकला चारही चाकांना ड्रम आहेत. पुढचे डिस्क शेवरोलेने १९७१ पासून दिले. पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, केबिनमध्ये आहे. जुन्या कार्बोरेटरला जेमतेम पाच पीएसआय दाबाचा पंप पुरत होता, एलएसला ५८ च्या आसपास लागतो. म्हणजे पंप, लाइन, आणि माझं ऐकाल तर टाकीही खाली, चॅसिसला. तीस हजार धरा. १८ आणि ३० मिळून ४८. ‘क्लासिकची किंमत वाढतेच’ असं तुम्ही लिहिलंय. ती वाढते त्याच्यासाठी, जो तुमच्यानंतर पूर्ण झालेला ट्रक स्वस्तात घेतो. हौस आहे, हौस म्हणूनच करा, काहीच गैर नाही.

पैसे कुठून? १,५०० चा हप्ता थांबला किंवा अगदी कमी झाला, की त्यातले ३७५ कंपनीचा पूर्ण वाटा मिळवायला, शंभर टर्मला, आणि हजारेक उरतात. पहिल्या सहा महिन्यांत ब्रेक आणि टाकी करा, जुन्या इंजिनावरच चालवा. बाकीचं काम अडीच वर्षांत रोखीने. एलएस-३ च हवं असा हट्ट सोडलात, तर भंगारयार्डातलं ५.३ लिटरचं इंजिन मिळून हा काळ आणखी कमी होईल.

काम सुरू व्हायच्या आधी ट्रकचा विमा ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’चा, म्हणजे आधीच ठरवलेल्या किमतीचा, करा आणि प्रत्येक बिल जपा, साधी मोटार पॉलिसी घसारा धरून पैसे देते. सहा सिलिंडरचं इंजिन मात्र गॅरेजवाल्याला ‘घेऊन जा’ म्हणू नका. तेल घालून, झाकून कोपऱ्यात ठेवा. ट्रक विकायची वेळ आली, तर पहिला गिऱ्हाईक तेच विचारेल.