फायरवॉल विकत घ्यायचा की आहे तोच नीट लावायचा?

प्रश्न : नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, इचलकरंजीला असतो. घरी फायबरचं नेट आहे, विंडोज ११ चा डेस्कटॉप, सुनेचा ऑफिसचा लॅपटॉप, टीव्ही आणि दारात दोन कॅमेरे. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला म्हणतो विंडोजमधल्या फायरवॉलला काही अर्थ नाही, वेगळा हार्डवेअर फायरवॉल बसवा, पंचवीस हजार आणि दरवर्षीचं रिन्युअल वेगळं. मुलगा म्हणतो अँटिव्हायरसच्या पॅकमधला घ्या, तेवढा पुरे. बँकेचे सगळे व्यवहार याच कॉम्प्युटरवर करतो म्हणून धास्ती वाटते. काय घेऊ?

उत्तर : सर, काहीच घेऊ नका, निदान आत्ता तरी नको. कारण फायरवॉल, म्हणजे नेटवरून होणारी नको ती ये-जा अडवणारा पहारेकरी, तुमच्या घरात आधीच दोन आहेत, फक्त कोणी उघडून बघितलेले नाहीत.

पहिला म्हणजे भिंतीवरचा तो राउटर, नेट घरभर वाटणारा डबा. तुमच्या घराला बाहेरच्या जगात एकच पत्ता असतो आणि आतल्या प्रत्येक वस्तूला १९२.१६८ ने सुरू होणारा खाजगी पत्ता राउटर देतो, आतून कोणी काय मागवलं ते तो लक्षात ठेवतो आणि न मागवता बाहेरून काही आलं तर ते कोणाला द्यायचं हेच त्याला माहीत नसतं म्हणून टाकून देतो. जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा समजा. दुसरा विंडोजमधला, ती प्रत्येक खोलीची कडी. दिंडी दरवाजा बंद असला तरी वाड्यात आधीच शिरलेल्या माणसाला कडीच अडवते.

हे मी एवढं कळकळीने सांगतोय कारण कडी नसलेले दिवस मी बघितलेत. ऑगस्ट २००३, ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा व्हायरस, आला तेव्हा आम्ही डायल-अपवर होतो, मध्ये राउटर वगैरे काही नाही, कॉम्प्युटर थेट इंटरनेटवर उघडा. नेट जोडलं की थोड्या वेळात स्क्रीनवर खिडकी यायची, ६० सेकंदांत कॉम्प्युटर बंद होणार, आणि आकडे उतरायला लागायचे. कोणती फाईल उघडलेली नाही की कोणती लिंक दाबलेली नाही, नुसतं नेट जोडलेलं. फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकलं तरी पॅच, म्हणजे ते भोक बुजवणारं अपडेट, डाउनलोड व्हायच्या आधीच परत तेच! तेव्हाच्या विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होता पण तो आपणहून चालू करावा लागायचा, ऑगस्ट २००४ मध्ये सर्व्हिस पॅक २ आला तेव्हा मायक्रोसॉफ्टने तो सुरुवातीपासून चालू ठेवला. म्हणून विंडोजच्या फायरवॉलला अर्थ नाही असं कोणी म्हणालं की मला खरंच वाईट वाटतं.

आणि नुसत्या राउटरवर का विसंबायचं नाही ते मे २०१७ च्या वॉनाक्राय या फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने दाखवलं. एका मशीनमध्ये शिरला की त्याच नेटवर्कमधल्या बाकीच्या मशीन तो ४४५ नंबरच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचं नंबर घातलेलं दार) धरत जायचा, मुख्य दारातल्या डब्याला हे दिसणारच नाही कारण ते सगळं आतल्या आत चाललेलं. पॅच मात्र मार्चमध्येच येऊन पडला होता, ज्यांनी अपडेट केलं ते वाचले.

आता तुमच्या कॅमेऱ्यांचं, मला खरी काळजी त्यांचीच वाटते. कॅमेरा आणि टीव्हीमध्ये तुम्ही फायरवॉलचं सॉफ्टवेअर टाकू शकत नाही, त्यांना राउटरचाच आधार. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारा डबा) आणि राउटर ताब्यात घेतले ते कंपनीचा मूळ पासवर्ड कोणी बदललेला नव्हता म्हणून. माझ्या बहिणीकडे नाशिकला हेच बघितलं, कॅमेरे बसवणाऱ्याने मोबाईलवर चित्र दिसावं म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट आतल्या उपकरणापर्यंत वाट, करून ठेवलेलं आणि डीव्हीआरचा पासवर्ड तसाच, अॅडमिन. म्हणजे दिंडी दरवाजाला आपल्याच हाताने भोक पाडलेलं आणि घरात कोणाला पत्ता नाही.

म्हणून एखाद्या रविवारी सुनेला शेजारी बसवून राउटर पालथा करा, खाली स्टिकरवर लॉगिनचा पत्ता असतो, बऱ्याचदा १९२.१६८.१.१, तो ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत टाका. आत गेलात की आधी अॅडमिनचा पासवर्ड बदला, मग पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत काय आहे ते बघा, ज्याचं कारण कोणालाच सांगता येत नाही ते काढून टाका, यूपीएनपी नावाची सोय बंद करा कारण त्यातून आतली उपकरणं न विचारता पोर्ट उघडून घेतात, आणि राउटरच्या फर्मवेअरचं, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट आलंय का बघा. आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, चालू असेल तर त्याचाही फायरवॉल चालू आहे ना हे जरूर बघा, त्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःचा बाहेरचा पत्ता मिळतो आणि खाजगी पत्त्याची आड राहत नाही. कॅमेऱ्याचे पासवर्ड त्याच दिवशी बदला. डेस्कटॉपवर विंडोज सिक्युरिटी उघडून फायरवॉलच्या पानावर तिन्ही ठिकाणी हिरवी खूण आहे का एवढं बघितलं की झालं. अँटिव्हायरसच्या पॅकमधला फायरवॉल वाईट नसतो पण निव्वळ त्याच्यासाठी पैसे घालायची गरज नाही.

पंचवीस हजाराचा डबा वाईट असतो असं नाही. दवाखाना असेल, सीएचं ऑफिस असेल, दहा-बारा मशीन आणि एक सर्व्हर, बाहेरून लोक व्हीपीएनने, म्हणजे नेटवरच्या सुरक्षित खाजगी वाटेने, आत येतात, तिथे तो लागतो आणि त्याला बघणारा माणूसही लागतो. घरी रिन्युअल संपलं की नवीन धोक्यांची यादी येणं थांबतं, शिवाय आजचं बहुतेक ट्रॅफिक एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात बंद, असतं, प्रत्येक मशीनवर खास सर्टिफिकेट टाकून सेटिंग केल्याशिवाय डब्याला आतलं काही वाचता येत नाही.

बँकेचं मात्र वेगळं आहे. फोनवर कोणी सांगितलं म्हणून रिमोटचं, म्हणजे दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवू देणारं, अॅप टाकलंत किंवा ओटीपी दिलात तर कुठलाच फायरवॉल मध्ये पडत नाही, तुम्हीच बोलावलेलं असतं ना. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, उद्यावर टाकू नका.

प्रश्न : मी पुण्यात हॉस्टेलला राहते, वायफाय सगळ्यांचं एकच. माझा तर राउटरच नाही, मग?

उत्तर : मग तुझ्या लॅपटॉपचा फायरवॉल हीच तुझी एकमेव कडी, ती कुठल्याही गेमसाठी बंद करू नकोस. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या नेटवर्कला प्रायव्हेट नाही, पब्लिक ठेव, म्हणजे शेजारच्या खोलीतल्या लॅपटॉपला तुझा लॅपटॉप सापडणार नाही. एखादा प्रोग्रॅम परवानगी मागत खिडकी उघडतो तेव्हा घाईत अलाऊ दाबू नकोस, आधी त्याचं नाव वाच, ओळखीचं नसेल तर कॅन्सल. मॅक असेल तर त्यात फायरवॉल सुरुवातीला बंद असतो, आजच चालू करून घे.