त्र्यंबक रोज सायकलने करूनही ॲव्हरेज २४ वरच अडकलंय: माझं मत

तुमचा प्रश्न नीट वाचला. वय ४२, नाशिकला अंबडमध्ये नोकरी, आठवड्यातले पाच दिवस सकाळी सायकलने त्र्यंबक रोड, रविवारी ग्रुपबरोबर लांबची राइड, आणि एवढं करूनही सरासरी वेग, म्हणजे ॲव्हरेज, ताशी २४ किमीच्या पुढे सरकत नाही. डिसेंबरात २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची राइड) करायचीय आणि फेब्रुवारीत नांदुरीहून सप्तशृंगी गडावर पाय न टेकता चढायचंय. शिवाय उजवा गुडघा पुढच्या बाजूने दुखतोय आणि दुकानदार हलकी कार्बन व्हील्स घ्या म्हणून मागे लागलाय.

तुम्ही सायकल कमी चालवत नाही. सगळी एकाच जोराने चालवता, खरी अडचण ती आहे. 'रोज घरी येतो तेव्हा बऱ्यापैकी दमलेलो असतो' असं तुम्हीच लिहिलंय. बऱ्यापैकी दमवणारी राइड आठवड्यातून सहा वेळा झाली की पाय कधी पूर्ण ताजे होत नाहीत. मग ज्या दिवशी खरोखर जोर लावायचा त्या दिवशी तो लागत नाही, आणि ज्या दिवशी आरामात जायचं त्या दिवशी मन ऐकत नाही.

सोप्या राइडचं काम वेगळं आणि अवघड राइडचं वेगळं. आरामात, पण दीड-दोन तास चालवलं की स्नायूंमध्ये केशवाहिन्या वाढतात, पेशींची ऑक्सिजन वापरायची क्षमता वाढते आणि शरीर चरबी जाळायला सरावतं. थकवा कमी येत असल्याने हे पुन्हा पुन्हा करता येतं. जोराच्या इंटरव्हल्सने, म्हणजे थोडा वेळ जोर आणि मध्ये हलकं अशा तुकड्यांनी, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं आणि वरची मर्यादा सरकते. मधल्या जोरात फायदा नसतो असं नाही, पण तो रोज केला तर थकवा फायद्यापेक्षा जास्त पदरात पडतो. स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल दर्जाच्या एन्ड्युरन्स खेळाडूंचं ट्रेनिंग तपासलं, तेव्हा साधारण ८० टक्के सेशन्स सोपी आणि उरलेली खरोखर अवघड, अशी विभागणी दिसली. आपण काही खेळाडू नाही, आणि आठवड्याला आठ-नऊ तास चालवणाऱ्याने ते प्रमाण काट्यावर मोजायची गरज नाही. दिशा मात्र तीच.

त्यात त्र्यंबक रोड हा सोप्या राइडचा शत्रू आहे. सातपूर एमआयडीसी मागे पडली की रस्ता मोकळा होतो, महिरावणीच्या आसपास मागून चार जण घंटी वाजवत पुढे जातात आणि आपण नकळत त्यांच्या चाकाला लागतो. वर स्ट्रावा ॲपचे सेगमेंट, म्हणजे रस्त्याच्या तुकड्यावर कुणाची वेळ कमी याची चढाओढ. शिवाय जाताना रस्ता थोडा थोडा चढता, येताना उतरता, आणि पावसाळ्यात जाताना पश्चिमेचा वारा थेट तोंडावर. त्यामुळे ॲव्हरेज हा आकडा या रस्त्यावर फार फसवा आहे. त्याच माणसाचं, त्याच ताकदीचं ॲव्हरेज जुलैत आणि जानेवारीत वेगळं येईल. ग्रुपमधल्या रविवारच्या ॲव्हरेजवर तर अजिबात जाऊ नका. कुणाच्या तरी मागे नीट चिकटून चाललं तर सपाट रस्त्यावर पाव ताकद सहज वाचते.

एक गणित सांगतो, म्हणजे २४ चं दुःख कमी होईल. हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. साध्या पोझिशनमध्ये, वारा नसताना, सपाट रस्त्यावर एकट्याने ३० चा वेग धरायला साधारण १५० वॉट लागतात. ३५ ला तेच २१५ च्या आसपास जातं. म्हणजे वेग पाच किलोमीटरने वाढवायला ताकद जवळजवळ दीडपट. ॲव्हरेज एकाने वाढलं तरी खुश व्हा, ती खरी कमाई असते.

आता करायचं काय? आधी एक टेस्ट. पॉवर मीटर (पेडलवरची ताकद मोजणारं यंत्र) नसेल तर ठोके मोजणारा छातीचा पट्टा पुरे. मनगटावरच्या घड्याळाचा जोराच्या राइडमध्ये भरवसा नाही. अर्धा तास, जितका जोर शेवटपर्यंत टिकेल तितका, एकट्याने, पहाटे, कारण ऑक्टोबरच्या उन्हात ठोके उगाच वर जातात. पहिली दहा मिनिटं सोडून शेवटच्या वीस मिनिटांचा सरासरी हार्ट रेट घ्या. हा तुमचा थ्रेशोल्ड, म्हणजे बराच वेळ टिकणाऱ्या जोराची वरची हद्द. समजा तो १६५ आला, तर सोप्या राइडला १४५ च्या वर जायचंच नाही. २२० वजा वय हे सूत्र विसरा, माणसागणिक त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. पट्टाही नसेल तर शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत गप्पा मारता आल्या पाहिजेत. धाप लागून वाक्य तुटलं की वेग उतरवा. वय चाळिशीच्या पुढे आहे, तेव्हा टेस्ट आणि इंटरव्हल्स सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवून स्ट्रेस टेस्टबद्दल विचारा. हे औपचारिकता म्हणून लिहीत नाही, खरंच करा.

जागा म्हणाल तर गंगापूर रोडने दुगाव सोडलं की गिरणारे आणि पुढे वाघेऱ्याच्या बाजूला सिग्नल नाही, गर्दी कमी. इंटरव्हल्सलाही तोच रस्ता. मंगळवारी वीस मिनिटं वॉर्म-अप, मग आठ मिनिटांचे चार तुकडे, मध्ये तीन मिनिटं अगदी हलके पेडल. आठ मिनिटांत जोर असा हवा की शेवटच्या दोन मिनिटांत चार शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, पण चौथा तुकडा पहिल्याइतकाच जमला पाहिजे. पहिल्यातच जीव काढला आणि चौथ्यात लटकलात, तर सुरुवात जास्त जोरात झाली. शुक्रवारी दुसरं अवघड सेशन, तेही लगेच नाही. पहिले तीन आठवडे मंगळवार एकटाच ठेवा. बुधवार-गुरुवारी सोपी राइड, सोमवारी सायकलला हात नाही, शनिवारी तासभर हलकं. रविवारी लांबची, आणि तीसुद्धा आपल्या हार्ट रेटने. ग्रुप पुढे गेला तर जाऊ द्या, चहाच्या टपरीवर भेटतातच सगळे. तीन आठवडे वाढवत नेलं की चौथ्या आठवड्यात तास निम्म्यावर आणा.

सुरुवातीला सोप्या राइडला ॲव्हरेज २० वर येईल आणि लाज वाटेल. म्हाताऱ्या काकांची लोखंडी सायकलसुद्धा ओलांडून जाईल. जाऊ द्या.

बीआरएमबद्दल तुमची चिंता चुकीच्या जागी आहे. २०० ला १३ तास ३० मिनिटं मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ सुद्धा लागत नाही. तुमच्या २४ ने चालवायचे तास साडेआठच्या आत बसतात, वर पाच तास हाताशी. लोक अडकतात ते थांब्यांवर. कंट्रोलवर (वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी) ब्रेव्हे कार्डावर (राइडच्या नोंदीच्या कार्डावर) शिक्का, बाटल्या भरणं, लघवी, एवढं दहा मिनिटांत होतं. पण सावलीत टेकलं, मिसळ मागवली, फोटो झाले की पाऊण तास गेला आणि पाय आखडले. मिसळ राइड संपल्यावर खा. तर्री पोटात घेऊन चढ चढणं काय असतं हे सांगायला नको.

आपल्या गावात लांब पल्ल्याचं वेड आहे आणि ते उगाच नाही. २०१५ ला नाशिकच्या महाजन बंधूंनी दोघांच्या टीमने रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल रेस पूर्ण केली, २०१७ ला लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच सोलो संपवली. जवळपास ४८०० किमीची ती रेस. अभिमान आहेच. पण त्यातून इथे एक समज रुजलाय की किलोमीटर वाढवले की सगळं आपोआप होतं, महिन्याला हजार केले की वेग वाढणारच. अंतर सहन करायची सवय आणि वेग या दोन गोष्टी आहेत. पहिली तुमच्याकडे बऱ्यापैकी आलेली आहे.

खाण्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, 'सोबत इलेक्ट्रॉल ठेवतो'. इथे गफलत आहे. ओआरएसच्या एक लिटरच्या पाकिटात ग्लुकोज असतं १३.५ ग्रॅम. ते मीठ-पाण्यासाठी आहे, ताकदीसाठी नाही. दोन तासांच्या वरच्या राइडला तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम, मूठभर मनुकांत जवळपास तेवढीच. दोन केळी आणि थोड्या मनुका झाला एक तास. मनुका तर आपल्याच भागातल्या, खिशात चिकटत नाहीत आणि एनर्जी जेलच्या किमतीत आठवडाभर पुरतात. राजगिऱ्याचे लाडू चांगले, पण तोंड कोरडं असताना घशाशी बसतात, पाण्याबरोबरच खा. भूक लागायच्या आधी, दर वीस मिनिटांनी थोडं थोडं. भूक लागली म्हणजे उशीर झाला. हे पोटालाही शिकवावं लागतं, म्हणून रविवारच्या राइडला सराव करा. बीआरएमच्या दिवशी नवा पदार्थ, नवी पावडर काही नको.

आता गड. चढावर हवा फारशी आड येत नाही, तिथे वजन आणि गिअर. तुमचं ७० आणि सायकल, बाटल्या, सामान मिळून १०, असे ८० किलो धरा. ६ टक्के चढावर ताशी १० ने जायला साधारण १५० वॉट लागतात. हे तुम्हाला जमेल असं तुमच्या आकड्यांवरून वाटतं. पण तुमच्याकडे पुढच्या चक्रांना ५०/३४ दात आणि मागे ११-२८ आहेत. सगळ्यात हलका गिअर ३४-२८, त्यात ८० च्या केडन्सला, म्हणजे मिनिटाला पेडलच्या ८० फेऱ्यांना, वेग होतो बारा, म्हणजे १८० वॉट. तेवढे नाहीत म्हणून केडन्स ६०-६५ वर येतो, प्रत्येक पेडल दाबून मारावं लागतं आणि सगळा भार गुडघ्यावर. मागे ११-३४ ची कॅसेट (दातेरी चक्रांचा संच) टाकली तर ३४-३४ मध्ये ८० च्या केडन्सला वेग बरोबर दहाच्या आसपास बसतो. तीच ताकद, गुडघा मोकळा. सध्याचा मागचा डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) ३४ दात पेलतो का हे आधी मेकॅनिककडून तपासून घ्या. छोट्या केजचा (चेन ताणून धरणारा खालचा भाग छोटा) असेल तर तो आणि चेन दोन्ही बदलावं लागेल. तरीही हा खर्च कार्बन व्हील्सच्या पासंगालाही पुरणार नाही.

व्हील्सचं एका वाक्यात: अख्खा एक किलो कमी झाला तरी अशा तासाभराच्या चढावर तुमचा पाऊण मिनिटही वाचत नाही. चांगले २८ मिमी रुंदीचे टायर घ्या, फ्रेममध्ये बसत असतील तर, आणि हवा ठासून १२० पीएसआय भरायची सवय सोडा. आपल्या खडबडीत रस्त्यांवर दगडासारखं टायर उडतं, वेग वाढत नाही.

गुडघा पुढून दुखणं बहुतेक वेळा सीट खाली असल्याने किंवा जड गिअर दाबल्याने होतं. भिंतीला हात टेकून सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली न्या. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा आणि कंबर एका बाजूला झुकता कामा नये. चवड्यावर आलात की गुडघ्यात हलका वाक राहतो, तो हवाच. सीट वर करायची असेल तर एका वेळी तीन-चार मिलिमीटर, टेप लावून खूण करून, आणि आठवडाभर बघून मग पुढचं. एकदम दोन सेंटिमीटर चढवली तर दुखणं गुडघ्याच्या मागे जाईल. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गुडघे झाकून निघा, निफाडकडचा गारठा इकडेही पोचतो. तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर अंगावर काढू नका, फिजिओ गाठा. आणि तोवर इंटरव्हल्स थांबवा, सोप्या राइड्स चालतील.

गडावरून उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका, वळणाआधी दाबा आणि सोडा, रिम ब्रेक असेल तर जास्तच जपून. कसारा घाटाचा विचारसुद्धा इंटरव्हल्ससाठी करू नका, ट्रकवाल्यांना तुमचा हार्ट रेट दिसत नाही. चढाचा सराव सिन्नर रोडला मोहदरीत किंवा पेठ रोडला सावळघाटात होईल, तोही रविवारी पहाटेच.

बीआरएमच्या आधीच्या आठवड्यात तास निम्मे करा, पण मंगळवारचे आठ मिनिटांचे दोन तुकडे ठेवा. पूर्ण आराम केला तर पाय सुस्त होतात. नवी कॅसेट किमान दोन आठवडे आधी बसवून घ्या. टेस्टचा आकडा आला की इथेच टाका, सोबत मागच्या डिरेल्युअरचा बाजूने काढलेला फोटो, म्हणजे केज छोटा की मोठा ते सांगता येईल.