संशोधनात अभिप्राय कोणाकडून घ्यायचा आणि कधी घ्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी कोल्हापुरात समाजशास्त्रात पीएच.डी. करतेय. माझी रूममेट रसायनशास्त्रात आहे. तिची दर आठवड्याला ग्रुप मीटिंगमध्ये उलटतपासणी होते, जर्नलकडून पानंच्या पानं शेरे येतात. माझे गाइड प्रकरण वाचतात आणि 'ठीक आहे, चालू दे' म्हणतात. विषयाप्रमाणे अभिप्रायाचं महत्त्व कमी-जास्त असतं का? की माझंच काही राहून जातंय?"

तुमचं राहून जातंय, आणि तुमच्या विषयात ते तुमच्या रूममेटपेक्षा जास्त महागात पडतं. म्हणून सविस्तर लिहिते.

मी संख्याशास्त्र शिकवते. हा विषय शिकवणाऱ्याच्या दारात सगळ्या विद्याशाखांची मुलं येतात, कारण कुठल्याही विषयाचा रिव्ह्यूअर, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणारा तज्ज्ञ, कधी ना कधी 'सांख्यिकी विश्लेषण अपुरं आहे' असं लिहितोच. त्यामुळे रसायनशास्त्रापासून मराठीपर्यंतच्या संशोधकांना आलेले शेरे मी वर्षानुवर्षं वाचत आलेय. त्यावरून माझं मत असं झालंय की महत्त्व सगळीकडे सारखंच असतं. विषयागणिक बदलते ती चूक लपून बसायची जागा. ती जागा ओळखली की अभिप्राय कोणाला मागायचा आणि कुठल्या टप्प्यावर मागायचा, हे आपोआप ठरतं.

तुमच्या रूममेटपासून सुरुवात करू. थिन फिल्म, नॅनोकण, सुपरकपॅसिटर यांवर आपल्याकडे बरंच काम चालतं. तिथला रिव्ह्यूअर म्हणतो, एक्सआरडीमध्ये (क्ष-किरणांनी स्फटिकरचना बघण्याच्या चाचणीत) पदार्थ दिसला हे ठीक, पण पृष्ठभागावर काय आहे ते एक्सपीएसने (पृष्ठभागाच्या रासायनिक चाचणीने) दाखवा. चार्ज-डिस्चार्जच्या इतक्या सायकलनंतर क्षमता किती उरली ते सांगा. ऐकायला जाचक वाटतं, पण ते करता येतं. नमुना पुन्हा बनवता येतो, यंत्रासाठी पुन्हा नंबर लावता येतो. एका मुलाला आलेला शेरा एका ओळीचा होता: 'तीन वेळा मोजलं म्हणजे नेमकं काय केलं?' त्याने एकच नमुना यंत्रावर तीनदा चढवला होता. त्यातून यंत्र किती स्थिर आहे एवढंच कळतं. पद्धत भरवशाची आहे का, हे बघायचं तर पदार्थच तीन वेळा स्वतंत्रपणे बनवायला हवा. त्याने तो बनवला, आणि तिन्ही आकडे एकमेकांपासून लांब गेले. शोधता शोधता लक्षात आलं की नमुना भट्टीच्या मधोमध ठेवला की दाराजवळ, यावर सगळं अवलंबून होतं. पेपर लांबला, पण आज कोणी ती कृती करून बघितली तर ती जमते. प्रयोगशाळेच्या विषयांत असा उशिरा आलेला अभिप्रायसुद्धा कामाला येतो, तो यामुळे.

आता तुमचा विषय. एक विद्यार्थिनी ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या आरोग्यावरच्या खर्चाचा अभ्यास करत होती. प्रश्नावली छापायला जाणार, त्याआधी नमुना किती घ्यायचा हे विचारायला माझ्याकडे आली. प्रश्नावलीत सुरुवातीलाच होतं, 'आपले वैयक्तिक मासिक उत्पन्न किती?' मी म्हटलं, छापण्याआधी चार-पाच जणींना विचारून ये. शिरोळकडच्या एका फडावर ती गेली. पहिल्याच बाईने तिला उलट विचारलं, "माझं एकटीचं कसं सांगू? कोयता दोघांचा आहे ना. अन् उचल आधीच घेतलीय, ती फिटल्याबिगर हातात काय येतंय?"

त्या दोन वाक्यांत प्रश्न कोसळला. या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि मजुरीचा हिशेब कोयत्याचा होतो. मुकादमाने हंगामाआधी उचल दिलेली असते आणि पुढचे महिने ती फेडण्यात जातात. 'वैयक्तिक' आणि 'मासिक' हे दोन्ही शब्द त्या बाईच्या जगण्यात बसतच नव्हते. हाच प्रश्न शेकडो जणींना विचारला असता, तर भिडेखातर प्रत्येकीने काहीतरी आकडा सांगितला असता, आणि माझ्या संगणकाने त्याची दोन दशांश स्थळांपर्यंत सरासरी काढून दिली असती. कुठल्याही परीक्षकाला त्या तक्त्यात खोट दिसली नसती. हंगाम संपला, टोळ्या बीड-धाराशिवकडे परत गेल्या, की पुन्हा विचारायला माणूसही सापडत नाही. रसायनशास्त्रातली मुलगी भट्टी पुन्हा पेटवू शकते. तुम्हाला तीच माणसं त्याच परिस्थितीत पुन्हा भेटत नाहीत. म्हणून समाजशास्त्रात मोलाचा अभिप्राय माहिती गोळा करण्याआधीचा, आणि तो देणारी माणसं विद्यापीठाबाहेरची.

हे दुखणं फक्त आपलं नाही. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास वेगवेगळ्या गटांनी पुन्हा करून पाहिले, तेव्हा साधारण ३६ टक्क्यांमध्येच निष्कर्ष सांख्यिकी कसोटीवर टिकला. हे सगळे अभ्यास रिव्ह्यू होऊनच छापलेले होते. त्याआधीच, २०१३ पासून, 'कॉर्टेक्स' या जर्नलने एक वेगळी वाट काढली होती: संशोधकाने माहिती गोळा करण्याआधीच प्रश्न आणि पद्धत लिहून पाठवायची, रिव्ह्यूअरांनी तेव्हाच ती तपासायची, आणि आराखडा पटला तर निकाल काहीही लागो, पेपर छापायचा. मला ही अलीकडची सर्वांत शहाणी सुधारणा वाटते. थोर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३८ मध्ये भारतीय संख्याशास्त्र परिषदेतच सांगितलं होतं की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे बहुतेक वेळा त्याला शवविच्छेदन करायला सांगणं. वैद्यकीय संशोधनात हे बऱ्यापैकी रुजलंय. तिथे एथिक्स कमिटीची मंजुरी आधी लागते, आणि २००९ पासून देशातल्या क्लिनिकल ट्रायलची नोंद पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावी लागते.

गणितात याच्या उलट. तिथे चूक कागदावरच असते, बाहेर कुठे शोधायची गरज नसते. फक्त ती ओळीओळीने वाचणारा माणूस लागतो. अँड्र्यू वाइल्स यांनी जून १९९३ मध्ये फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता जाहीर केली. तपासणारे ईमेलवर एकेक शंका विचारत गेले, आणि त्यातल्या एका साध्या दिसणाऱ्या शंकेतून भलीमोठी फट उघडी पडली. ती बुजवायला सप्टेंबर १९९४ उजाडला, आणि रिचर्ड टेलर यांची मदत घ्यावी लागली. १९९५ मध्ये छापून आलेली सिद्धता उभी आहे ती त्या शंकेमुळे.

मोठ्या प्रयोगांच्या भौतिकशास्त्रात आणखी निराळं. २०११ मध्ये ऑपेरा या संशोधकांच्या गटाला जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेहून सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सास्सोला येणारे न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचताना दिसले. महिनोन्‌महिने तपासूनही चूक सापडेना, तेव्हा त्यांनी सगळं जगापुढे मांडलं आणि 'आमचं कुठे चुकतंय ते बघा' असं म्हटलं. अखेर २०१२ मध्ये मुख्य कारण सापडलं: नीट न बसलेली एक फायबर ऑप्टिक केबल. लोक या प्रकरणाला हसतात. मला त्या गटाबद्दल आदर वाटतो.

इतिहासात अभिप्रायाला कधी कधी दशकं लागतात. शिवाजी महाराजांचं जन्मवर्ष दीर्घकाळ १६२७ मानलं जायचं. जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची तारीखवार घटनांची जुनी नोंद, लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिच्यात फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथी निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे महाराजांच्या काळातल्या कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यातही तीच तिथी सापडली. मग खंडनं, प्रतिखंडनं, लेखांवर लेख. एका विद्वानाने दुसऱ्याला छापून उत्तर द्यायचं, तिसऱ्याने नवा कागद पुढे आणायचा, हाच तिथला अभिप्राय. इतिहासाच्या विद्यार्थ्याची चूक बहुधा मूळ कागद न बघण्यात लपते. शाहू महाराजांच्या २६ जुलै १९०२ च्या पन्नास टक्के राखीव जागांच्या हुकमावर लिहिणारे कितीतरी जण तो कुठल्या तरी पुस्तकातून उचलतात आणि त्या पुस्तकातली छपाईची चूकही सोबत घेऊन येतात. 'करवीर सरकारच्या गॅझेटात मूळ मजकूर पाहिलात का?' हा प्रश्न विचारणारा एक परीक्षक दहा कौतुक करणाऱ्यांना भारी असतो. मोडी वाचता येणारा मित्र असेल तर त्याला धरून ठेवा.

भूगोलातलं एक उदाहरण कोल्हापूरकरांना लगेच पटेल. पंचगंगेच्या पुराचं मॉडेल करणारे विद्यार्थी राजाराम बंधाऱ्याची पातळी घेतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. नदीकाठून पाणी किती वर चढेल हे मॉडेल सांगतं. पण शाहूपुरीतल्या माणसाला नुसतं विचारलं तरी तो सांगेल की नदी पात्राबाहेर पसरून त्याच्या दारात येण्याची वाट कोणी बघत नाही, पाणी जयंती नाल्यातून मागे फुगत येतं. २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा लोकांनी भिंतींवर करून ठेवल्यात. त्या खुणांशी ताडून न पाहिलेलं मॉडेल मी तरी मान्य करणार नाही, ते कितीही देखणं असलं तरी.

शेती संशोधनात तर अशा माणसांचं ऐकण्याची रीतच घालून दिलेली आहे. नव्या वाणाच्या चाचण्या वेगवेगळ्या ठिकाणी होतात, शिफारशी राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या जॉइंट ॲग्रेस्कोसमोर (संयुक्त संशोधन बैठकीसमोर) जातात, तिथे भल्याभल्यांना घाम फुटतो. तरीही शेवटचा शेरा शिवारातून येतो. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राच्या फुले २६५ या उसाला शेतकऱ्याने टनेजसाठी आणि खारवट जमिनीत तग धरतो म्हणून उचलून धरलं, तर साखर उताऱ्याच्या कारणावरून कारखान्यांनी नाक मुरडलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि पैदासकाराला दोघांचंही ऐकावं लागलं.

मराठीसारख्या विषयात मात्र दोन जाणकार एकाच प्रकरणावर परस्परविरोधी मतं देतात आणि दोघांचंही खोडता येत नाही. तिथे शेरा पाळायचा नसतो, त्याला प्रबंधात उत्तर द्यायचं असतं. हा फरक न कळल्यामुळे पोरं दोन्ही परीक्षकांना खूश करायला जातात आणि प्रबंधाला स्वतःचं मतच उरत नाही.

रिव्ह्यूअर हा काही देव नव्हे, हेही सांगायला हवं. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या संपादकांनी एका पेपरात ८ चुका मुद्दाम पेरून तो रिव्ह्यूअरांकडे पाठवला होता. १९९८ मध्ये आलेला निकाल असा की त्यांना सरासरी २ सापडल्या. म्हणजे जर्नलच्या भरवशावर बसायचं नाही, त्याआधीच चार वेगवेगळ्या डोळ्यांखालून काम जायला हवं. आणि पैसे भरले की आठवड्यात 'स्वीकारलं' म्हणून कळवणाऱ्या जर्नलांच्या वाटेला तर जाऊच नका. यूजीसीने मान्य जर्नलांची 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून जर्नल पारखायची जबाबदारी आपल्यावरच आलीय. तिथे पैसे जातात ते जातातच, पण तुमच्या कामात काय कमी होतं हे सांगणारं एकही वाक्य तुम्हाला मिळत नाही. माझ्या मते ते नुकसान मोठं आहे.

आता तुमच्या गाइडबद्दल. 'चालू दे' म्हणणारे सर आळशीच असतील असं धरून चालू नका. दोनशे पानांचा गठ्ठा हातात देऊन 'सर, कसं वाटलं?' विचारलं की कोणीही 'बरं आहे' म्हणतं. त्याऐवजी एक पान द्या आणि नेमकं विचारा: 'सर, मी गावं निवडताना रस्त्यालगतचीच घेतलीत, यावर परीक्षक आक्षेप घेईल का?' अशा प्रश्नाला 'चालू दे' म्हणता येत नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण करावं लागतं. बहुतेक ठिकाणी ते स्लाइड, चहा आणि सह्यांवर उरकतं, कारण सहकाऱ्याच्या विद्यार्थ्याला सर्वांसमोर अडचणीत आणायला कोणी धजत नाही. हा मोठेपणा विद्यार्थ्याच्या मुळावर येतो, आणि मला याचा मनापासून राग आहे. तुम्ही शेवटच्या स्लाइडवर 'धन्यवाद' लिहिण्याऐवजी तुम्हाला अडलेल्या दोन गोष्टी लिहा. समितीला बोलावंच लागेल. त्याच वेळी कोणी काय म्हटलं ते नावानिशी टिपून घ्या, आणि पुढच्या सत्रात त्याच यादीपासून सुरुवात करा.

तुमची प्रश्नावली अजून वाटली गेली नसेल तर आधी तिच्याकडे वळा. ज्यांच्यावर अभ्यास आहे त्यांच्यातल्या पाच-सहा जणांना ती वाचून दाखवा, आणि उत्तराइतकंच ते कुठे थबकतात तेही लिहून ठेवा. नंतर दुसऱ्या विभागातल्या एकाला द्या. तुमची रूममेटसुद्धा चालेल, ग्रुप मीटिंगमुळे तिला खोडा घालायची सवय आहे. नमुना किती घ्यायचा हे विचारायला संख्याशास्त्र विभागात जाल तेव्हा मुख्य उद्दिष्ट आणि प्रश्नावली दोन्ही बरोबर न्या, आणि माहिती गोळा करायला निघण्याच्या आधी जा.