ताई, आधी कूपन कोड बघा

ताई, बागकामाच्या पहिल्याच महिन्यात ‘जादूचं’ द्रवखत मागवायला निघालात म्हणून लिहितोय. थांबा जरा. गच्चीवर कुंड्या लावायला लागून मला चौदा वर्षं झाली. पूर्वी कुणी निंबोळी पेंड सुचवली की डोळे झाकून आणायचो. आता तीच माणसं बाटलीचा फोटो टाकतात, खाली कूपन कोड. मीही एकदा फसलो: साडेसहाशेची बाटली, आणि पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) जास्वंदीवर जसाच्या तसा! सुचवणाऱ्या गृहस्थांना ती फुकट मिळाली होती, हे नंतर कळलं. रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं, कारण माणूस खरंच जाणकार आहे.

फुकट वस्तू मिळाली तरी तो व्यवहारच. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय की पैसे, भेटवस्तू, सवलत, काहीही घेतलं असेल तर तसं ठळक लिहायचं. पाळतात किती, ते तुम्ही बघताच आहात.

मी काय करतो? लिंक उघडून पत्ता वाचतो. अ‍ॅमेझॉनच्या पत्त्यात ‘tag=’ दिसलं की सुचवणाऱ्याला बहुधा कमिशन आहे. कमिशन म्हणजे खोटेपणा नव्हे, पण लपवलं का, हे विचारतोच. आणि सरळ प्रश्न टाकतो: ‘याने काय बिघडलं?’ खरं वापरणारा लगेच दोन तक्रारी सांगतो.

तुमच्या मिरचीला सध्या शेणखत पुरे. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मात्र धुऊन घ्या, त्यात क्षार असतात.