गटभाषण: वाटणी शेवटी, वाक्य आधी

‘चौघांचं एक भाषण ऐकतोय असं वाटतच नाही, चार वेगळी भाषणं वाटतात, आणि तयारी मात्र गटातली एकटीच मुलगी करते’ हे तुम्ही तुमच्या वर्गातल्या गटभाषणांबद्दल लिहिलेलं वाचलं आणि उत्तर द्यायला बसले. हेच दुखणं मी तीन वर्षं काढलंय. आवाज, नजर, सभाधीटपणा हे तुम्ही घेतच असाल, त्यात शिरत नाही. माझा अनुभव तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांचा आहे. लहानांना तो जसाच्या तसा लागू पडेल असं नाही.

माझी सर्वांत महागात पडलेली चूक म्हणजे पहिल्याच तासाला केलेली वाटणी. ‘तू प्रस्तावना, तू कारणं, तू परिणाम, तू उपाय.’ मुलांनाही ते आवडतं, कारण आपापला तुकडा घेऊन सुटता येतं. विषय होता झोप आणि अभ्यास. दुसऱ्या मुलाने रात्रभर जागून पेपरात ऐनवेळी सगळं विसरलेल्या विद्यार्थ्याचं उदाहरण दिलं. तिसरी मुलगी उभी राहिली, तिच्या कार्डावर पहिलंच उदाहरण तेच. तिचा अंगठा कार्डावरून खाली खाली सरकत होता, कुठून सुरुवात करावी ते शोधत. जागा सापडली नाही. शेवटी तिने तेच उदाहरण जवळजवळ त्याच शब्दांत, आवाज उतरवून वाचलं. वर्गात कुजबुज सुरू झाली. वर चौथ्याने उपाय सांगितला: पहाटे तीनला उठून अभ्यास करा. पूर्ण झोप घ्या म्हणून तिघांनी आधी कंठशोष केलेला!

दोष त्यांचा नव्हता. एकत्र विचार करायला मी त्यांना वेळच दिला नव्हता. ती मुलगी पुढे वर्षभर बोलायला उभी राहिली नाही, ते मला अजून लागतं.

आता पहिला अख्खा तास कोण काय बोलणार याचा विषयच काढू देत नाही. गटाने मिळून एकच वाक्य लिहायचं: ऐकणाऱ्याला नेमकं काय पटलं पाहिजे? ‘झोपेचं महत्त्व’ हे चालत नाही, ते नुसतं शीर्षक झालं. ‘परीक्षेच्या आदल्या रात्री जागण्यापेक्षा झोपणं फायद्याचं’ हे चालतं, कारण त्यावर वाद घालता येतो. मग प्रत्येकाने आपले मुद्दे, उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहून एका टेबलावर मांडायची आणि त्या वाक्याला धरून नसलेली चिठ्ठी बाजूला काढायची. इथे भांडणं होतात. होऊ द्या, लगेच मध्ये पडू नका. वाटणी त्यानंतर.

गडबड होण्याची दुसरी जागा म्हणजे दोन वक्त्यांमधला सांधा. माल्कम ब्रेनर या संशोधकाने १९७३ साली दाखवलं होतं की लोक पाळीपाळीने शब्द वाचत असतील, तर आपली पाळी येण्याच्या अगदी आधी वाचलेलं माणसाला कमी आठवतं. तुमच्या तिसऱ्या वक्त्याचं लक्ष दुसऱ्याकडे का नसतं ते यात आलं. म्हणून सांध्याचं वाक्य दोघांनी मिळून लिहायचं. सरावात मी मध्येच थांबवते आणि पुढच्याला विचारते, ‘ही आत्ता काय म्हणाली?’ पहिले दोन दिवस कोणालाच सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी येतं. एकदा तुकड्यांची अदलाबदल करूनही बोलायला लावा. ऐनवेळी कोणी आजारी पडलं तर गट अडत नाही.

एकटीच राबते, त्याबद्दल. फ्रेंच अभियंते रिंगेलमन यांचे दोरखेचीचे प्रयोग १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हापासून हे माहीत आहे की गट वाढला की दर माणशी जोर कमी पडतो. १९७९ मध्ये बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना टाळ्या वाजवण्यात आणि ओरडण्यातही तेच दिसलं. आपला वाटा वेगळा ओळखू येणार असेल, तर मात्र माणूस अंग चोरत नाही. इथे मला आमच्या परीक्षा विभागाचा राग येतो. गुणपत्रकात गटासाठी एकच रकाना! मी दोनदा लेखी विनंती केली. उत्तर एकच, ‘नमुन्यात तशी सोय नाही.’ जिने रात्री बसून सगळं लिहिलं तिला आणि जो सरावाला फिरकला नाही त्याला सारखेच गुण. असं एकदा झालं की ती मुलगी पुढच्या वेळी गटात मनापासून काम करेल का?

माझ्या मते निम्मे गुण गटाचे, निम्मे स्वतःचे हवेत. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही, त्यांच्या मते त्याने स्पर्धा वाढते. मला तसं दिसलं नाही, पण तुमचा वर्ग तुम्हालाच माहीत. निदान प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात नाव लिहून घ्या आणि बाद झालेल्या चिठ्ठ्याही जपून ठेवा. कोणी किती विचार केला ते त्यात दिसतं.

आणि हो, सरावाचं चित्रीकरण करू नका, फक्त आवाज रेकॉर्ड करा. चित्रफितीत मुलं आपले केस बघत बसतात. नुसता आवाज ऐकला की सांधा कुठे निखळलाय ते त्यांचं त्यांनाच कळतं.